छापील नाक आणि शिकाऊ हात

गेल्या दिवाळींत आमच्या नालवाडीच्या घरीं फराळाच्या ताटाशेजारीं एक नाक येऊन बसलें होतें. पुण्यास अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत शिकणारा आमचा पुतण्या सुटींत घरीं आला, आणि पिशवींतून मिठाईचा पुडा काढावा तितक्या सहजपणें त्यानें तें काढून ओसरीवरच्या झोपाळ्यावर ठेविलें. नाक म्हणजे नुसता नाकाचा शेंडा नव्हे. भुवयांपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा, आणि तोहि उभा चिरलेला. बाहेरून पाहिलें तर एखाद्या सभ्य गृहस्थाचें सरळ नाक. चिरलेल्या बाजूनें पाहिलें तर एखाद्या जुन्या वाड्याचा छेद. पुढें अरुंद दिंडी, आंत लांबट पडवी, पडवीच्या भिंतींतून एकावर एक पुढें आलेले तीन सज्जे, आणि अगदीं मागें एकदम खालीं घशाकडे उतरणारा जिना. आत्याबाईंनीं "सणासुदीच्या दिवशीं हें काय रे आणलंस?" म्हणून तोंड फिरविलें. मुलांनीं मात्र पहिल्या पांच मिनिटांत त्यांत एक शेवेचा तुकडा, एक उदबत्तीची काडी आणि एक करंगळी घालून पाहिली.

हें नाक छापलेलें होतें. छापणें म्हटलें कीं आमच्यासारख्या मासिकांत लिहिणाऱ्यांस खिळे, शाई आणि कागद आठवतात. परंतु थ्री-डी प्रिंटर नांवाचें जें यंत्र आतां कित्येक अभियांत्रिकी महाविद्यालयांतून असतें, त्याची जात निराळी. आमच्या वाचकभगिनींस तें समजावून देण्यास चकलीच्या सोऱ्याइतका सोयीचा दृष्टांत नाहीं. सोऱ्यांतून जशी पिठाची तार बाहेर पडते, तशी ह्या यंत्राच्या तोंडांतून तापून मऊ झालेल्या प्लास्टिकची दोऱ्यासारखी बारीक तार बाहेर पडते. यंत्र ती हव्या त्या वळणानें एका पातळींत फिरवितें, तो थर थिजतांच त्यावर दुसरा घालतें, आणि असे शेंकडों थर चढून वस्तु उभी राहते. एकेक थर साधारण एक-पंचमांश मिलिमीटर जाडीचा. पुष्कळदां हें प्लास्टिक मक्याच्या पिष्टापासून केलेलें असतें, हें ऐकल्यावर आत्याबाईंचा राग थोडा निवळला. विद्या तशी फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील चक हल ह्यांनीं प्रकाशानें थिजणाऱ्या रसापासून थरावर थर घालून वस्तु उभारण्याच्या कृतीचें पेटंट १९८४ सालीं मागितलें, तें १९८६ सालीं त्यांस मिळालें. तार वितळवून वळविण्याची रीति त्यानंतर थोड्याच वर्षांनीं निघाली.

वळण कोणतें घ्यावयाचें हें यंत्रास कळतें तें सी. टी. स्कॅनवरून. डोक्याचा स्कॅन काढला म्हणजे क्ष-किरणांच्या साह्यानें त्याच्या शेंकडों पातळ चकत्यांचीं चित्रें मिळतात. संगणकावर त्या चकत्या पुन्हां एकावर एक रचल्या, हाड कोणतें, मांस कोणतें आणि पोकळी कोणती हें वेगळें केलें, कीं त्या माणसाच्या नाकाचा आंतला आराखडा हातीं येतो. तोच यंत्रास द्यावयाचा. पुतण्यानें आणलेलें नाक कोणा अनोळखी माणसाचें होतें. नांवगांव काढून टाकून अभ्यासासाठीं मोकळ्या ठेवलेल्या चित्रांवरून त्यानें तें उतरविलें होतें, आणि छापून व्हावयास एक रात्र व अर्धा दिवस लागला होता.

त्यापाशीं लांब स्वॅबांचें एक पाकीटहि होतें. वीतभर लांबीची, वांकेल पण सहसा मोडणार नाहीं अशी ती काडी, टोंकास बारीक लव असलेली, कोरोनाच्या दिवसांत कोणीं पाहिली नाहीं? पुतण्यानें मागच्या भिंतीवर, जेथें नाक संपून घशाची सुरुवात होते तेथें, ओल्या कुंकवाचा एक ठिपका लाविला (कुंकू वहिनींच्या करंड्यांतलें, हें त्यांस मागाहून कळलें), चिरलेल्या बाजूस जाड कागद चिकटवून आंतलें सर्व झांकून टाकिलें, आणि घरांतल्या प्रत्येकाच्या हातीं एकेक काडी देऊन सांगितलें, "टोंकाला कुंकू लावून आणा."

आम्ही एकंदर अकरा जण होतों. पहिल्या नऊ जणांनीं काडी वर नेली, सरळ भुवयांच्या दिशेनें. त्या नवांत आमचीहि गणना आहे. कागद काढून पाहावें तों काडीचें टोंक कोणाचें मधल्या सज्जाखालीं अडकलेलें, कोणाचें नाकाच्या छपरास टेकलेलें. चूक सर्वांची एकच आणि तिचें कारणहि एकच. नाकाचा बाहेरचा चढ कपाळाकडे जातो, म्हणून आंतली वाटहि तिकडेच जात असावी असें आपण धरून चालतों. वस्तुतः ती वाट नाकपुडीपासून सरळ मागें जाते, टाळूला समांतर, कानाच्या भोंकाच्या रोखानें. काडी नाकाच्या जमिनीवरून सरकत गेली पाहिजे, छपराखालून नव्हे. प्रौढ माणसाच्या बाबतींत ती साधारण नऊ-दहा सेंटिमीटर आंत जावी लागते. शिकविणारे खूण सांगतात ती अशी कीं नाकपुडीपासून कानाच्या भोंकापर्यंत जितकें अंतर, तितक्याच्या जवळपास. तेथें पोंचल्यावर कांहीं सेकंद थांबावयाचें, काडी हलकेच फिरवावयाची आणि आली त्या वाटेनें परत काढावयाची. अडथळा आला तर जोर करावयाचा नाहीं. काढून घेऊन दिशा बदलावयाची, नाहीं तर दुसरी नाकपुडी पाहावयाची.

दहावे आमचे वडील बंधु, ज्यांस घरांत सर्व अण्णा म्हणतात. त्यांनीं काडी हातांत घेतली, त्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलें, आणि ती अशी सरळ मागें सारली कीं बाहेर आली ती लाल होऊनच. पुतण्या थक्क झाला. परंतु त्यांत नवल नव्हतें. अण्णा गेलीं तीस वर्षें रोज सकाळीं सूत्रनेति करतात. नाकपुडींतून घातलेली रबरी नळी घशांतून धरून तोंडावाटे बाहेर काढणाऱ्यास ही वाट कोणीकडे जाते हें निराळें सांगावें लागत नाहीं. विचारलें असतें तर त्यांस नियम सांगतां आला नसता; त्यांच्या हातास तो ठाऊक होता.

अकरावा आमचा धाकटा भाऊ. तो इतका वेळ खांबाला टेकून पाहत होता. त्यानें आधीं कागद काढावयास लाविला. मग उघड्या बाजूनें पाहत पाहत काडी मागें नेली, टोंक कुंकवास लागल्यावर ती तेथेंच धरून ठेविली, नाकपुडीपाशीं नखानें खूण केली, आणि काडी बाहेर काढून ती किती आंत गेली होती तें निरखून पाहिलें. "इतकं आंत?" एवढेंच तो बोलला. नंतर थोडा वेळ कोणीच कांहीं बोललें नाहीं. वहिनी फराळाचीं ताटें उचलूं लागल्या.

ह्या दोन शब्दांचा अर्थ वाचकांस सांगणें भाग आहे. वर्धा जिल्ह्यांत कोरोनाचा पहिला रुग्ण मे २०२० मध्यें आढळला. उन्हाळा आणि पावसाळा आम्हीं दारें लावून काढिले. सप्टेंबरांत देशभर साथ भरांत असतां, ऐन पितृपक्षांत, धाकट्या भावास ताप आला. त्याची नोकरी माणसांच्या गर्दींतली. तो माडीवर वेगळा राहूं लागला, आणि तिसऱ्या दिवशीं एका केंद्रावर जाऊन नमुना देऊन आला. अहवाल आला तो 'रोग नाहीं' असा. तोंपर्यंत तापहि उतरला होता. घरांत सर्वांस हायसें वाटलें, आणि १७ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येस, वडिलांच्या श्राद्धाला तो माडीवरून खालीं आला व पंगतीस बसला. आईनें त्यास स्वतः वाढलें, कारण आठ दिवसांत तिनें त्याचें तोंड पाहिलें नव्हतें. पुढच्या आठवड्यांत आईस ताप आला, मग अण्णांस, मग वहिनींस. ह्या खेपेस नमुने दुसऱ्या ठिकाणीं घेतले गेले, आणि तिघांच्याहि नमुन्यांत रोग निघाला. अण्णा व वहिनी बरीं झालीं. आई अधिक मासांत गेली. तिचें वय एक्क्याऐंशी होतें.

पहिला नमुना कसा घेतला गेला हें भावानें पुढें कित्येक महिन्यांनीं सांगितलें. "पोरगा फार भला होता. काडी नाकाच्या तोंडाशीं दोनदां फिरवली, झालं. डोळ्यांत पाणीसुद्धां आलं नाहीं. मी त्याला म्हटलं, बाबा, तुझा हात फार हलका आहे."

येथें आम्हांस न्यायानें बोललें पाहिजे. रोग असून 'नाहीं' असा अहवाल येण्यास कारणें अनेक आहेत. नमुना फार लवकर किंवा फार उशिरां घेतला गेला, वाटेंत तो हवा तसा थंड राहिला नाहीं, नळीवरचें नांव चुकलें, ह्यांपैकीं कांहींहि घडूं शकतें. पुढच्या भागांतून घेतलेल्या नमुन्यांतहि पुष्कळदां विषाणु सांपडतो. आईस रोग भावाकडूनच आला हें तरी कोणीं पाहिलें? त्या पंधरवड्यांत दूधवाला येत होता, भटजी येऊन गेले होते, अण्णा स्वतः दोनदां बाजारांत गेले होते. तेव्हां त्या तरुणास दोष देण्यास आमच्यापाशीं पुरावा नाहीं. परंतु धाकटा भाऊ स्वतःस दोष देतो, आणि त्याचें समाधान पुराव्याच्या अभावानें होत नाहीं.

नमुन्याचें एवढें महत्त्व कां, हें प्रयोगशाळेंतील कृति पाहिली म्हणजे ध्यानांत येतें. काडीचें टोंक एका द्रवांत बुडवून, नळी बर्फाच्या डब्यांत घालून नमुना प्रयोगशाळेंत जातो. तेथें विषाणूच्या जनुकद्रव्याचा ठराविक अंश फेरीफेरीनें दुप्पट केला जातो. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात, म्हणून मूठभर मातींतला सोन्याचा कण शोधावा तितकी ही तपासणी सूक्ष्म. पुण्याच्या मायलॅब ह्या संस्थेच्या तपासणी-संचास मार्च २०२० मध्यें मान्यता मिळाली, तेव्हां देशी संच म्हणून त्याचें केवढें कौतुक झालें! तें योग्यच होतें. पण शून्याची दुप्पट शून्यच. काडीच्या टोंकास जें लागलेंच नाहीं, तें कोणतें यंत्र वाढवील? इतकी बुद्धि आणि इतका पैसा खर्चून उभारलेली ही साखळी ज्या पहिल्या कडीवर लोंबते ती कडी म्हणजे एका तरुण मुलाचा किंवा मुलीचा हात. आणि त्या हातास शिकावयास किती वेळ मिळाला, हें त्या दिवसांत कोणींच विचारलें नाहीं.

आम्हीं विचारलें, पण फार उशिरां. अण्णांचें रक्त तपासणीस न्यावयास एक तरुण तंत्रज्ञ अधूनमधून घरीं येतो. साथीच्या वर्षीं तो नमुने घेण्याच्या कामावर होता. एकदां चहा घेतां घेतां आम्हीं गोष्ट काढिली, तेव्हां तो म्हणाला, "काकाजी, खरं सांगू का? एक दुपार होती आमची शिकायची. पडद्यावर चित्रफीत दाखवली, मग दोघादोघांनी एकमेकांच्या नाकात काडी घालून पाहायची. माझ्या जोडीदाराच्या नाकातून रक्त आलं. ते पाहून बाकीच्यांनी नुसतं केल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोर माणसांची रांग. पहिल्या दहा-वीस लोकांवरच शिकलो म्हणा ना." त्याच्या बोलण्यांत लपवाछपवी नव्हती, आणि आम्हांस त्याचा रागहि आला नाहीं. उन्हाच्या दिवसांत प्लास्टिकचा तो पांढरा पोशाख घालून, आंतल्या आंत घामानें भिजत, स्वतःच्या जिवाची भीति बाळगून ज्यांनीं हजारों लोकांच्या तोंडासमोर तोंड नेलें, त्यांच्या धैर्यास आम्हीं नमस्कारच केला पाहिजे.

परंतु त्याच्या सांगण्यांत शिक्षणाचें एक मर्म आहे. नवा हात दोन प्रकारें चुकतो. भित्रा असेल तर तो मध्येंच थांबतो, कारण समोरच्याचे डोळे मिटले, मान मागें गेली, कीं आपण कांहीं तरी इजा करीत आहों असें त्यास वाटतें. धीट असेल तर तो चुकीच्या दिशेनें रेटतो. दोघांसहि वाट दिसलेली नसते. भित्र्याच्या हातून नमुना वायां जातो. धीटाच्या हातून क्वचित् त्याहून वाईट होतें. नाकांतून रक्त येणें हें त्यांतलें साधें. अमेरिकेंत २०२० सालीं एका स्त्रीच्या कवटीच्या तळास पूर्वींपासून असलेला दोष कोणास ठाऊक नव्हता. नाकांतून नमुना घेतल्यानंतर तिच्या मेंदूभोंवतालचें पाणी नाकावाटे गळूं लागलें, असें वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें होतें. असा प्रसंग अत्यंत विरळ, त्यानें भिऊन कोणीं तपासणी टाळूं नये. पण छपराकडे काडी कां न्यावयाची नाहीं हें समजावून देण्यास तेवढें उदाहरण पुरे आहे.

वाट दाखविणें, हें छापील नाकाचें काम. आणि ही कल्पना आमच्या देशास नवी नाहीं. ज्यांनीं सुश्रुतसंहितेचें सूत्रस्थान चाळलें असेल त्यांस त्यांतील नववा, योग्यासूत्रीय नांवाचा अध्याय आठवेल. योग्या म्हणजे सराव. पुस्तक पाठ केलें तरी ज्यानें सराव केला नाहीं तो कामास अपात्र, असा त्या आचार्यांचा अभिप्राय, आणि म्हणून कोणती क्रिया कशावर गिरवावी ह्याची त्यांनीं बारीक याद दिली आहे. कापण्याचा सराव कोहळा, भोंपळा, काकडी ह्यांवर. भेदण्याचा पाण्यानें व चिखलानें भरलेल्या कातड्याच्या पिशव्यांवर. शीर टोंचण्याचा मेलेल्या जनावराच्या शिरांवर व कमळाच्या देंठांवर. शिवण्याचा जाड-बारीक वस्त्रांच्या व मऊ कातड्याच्या कांठांवर. पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर. बस्तीची नळी घालण्याचा सराव पाण्याच्या घड्याच्या बाजूस असलेल्या तोटींत करावा असेंहि तेथें आहे, आणि नाकांत काडी घालण्यास ह्याहून जवळचें उदाहरण कोणतें? ह्यावरून प्राचीनांस थ्री-डी प्रिंटर ठाऊक होता असा निष्कर्ष काढण्याची आमच्या कांहीं मित्रांस घाई होईल. त्यांस आमची विनंति कीं त्यांनीं धीर धरावा. प्राचीनांस ठाऊक होतें तें इतकेंच कीं पहिली चूक भोंपळ्यावर व्हावी, माणसावर होऊं नये. दुःख हें कीं तो अध्याय आम्हीं अभिमानासाठीं वाचला, त्याप्रमाणें वागण्यासाठीं नव्हे.

युरोपांतहि हें कोणा मोठ्या पंडितानें नव्हे, तर एका सुईणीनें जाणलें. फ्रान्समधील मादाम दू कूद्रे ह्या बाईनें अठराव्या शतकांत कापड, कातडें व भुसा ह्यांची स्त्रीच्या कटिभागाची एक प्रतिकृति बनविली, तींत कापडाचें बाळ घातलें, आणि १७५९ सालीं राजाज्ञा मिळाल्यावर ती घेऊन गांवोगांव हिंडून खेड्यांतल्या निरक्षर बायकांस बाळंतपणाची विद्या शिकविली. पुस्तक त्या वाचूं शकत नव्हत्या; हात वाचूं शकत होता. त्याच फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील वैद्यांनीं कोरोनाच्या काळांत नाकाच्या मागच्या भागांतून नमुना घेणें शिकविण्यासाठीं थ्री-डी छपाईची प्रतिकृति तयार केली, हा योगायोग आम्हांस मोठा गोड वाटला. त्याच काळांत अमेरिकेंत काड्यांचा तुटवडा पडला तेव्हां तेथील रुग्णालयांनीं व विद्यापीठांनीं काड्यासुद्धां ह्याच यंत्रांवर छापून वापरल्या; पण ती गोष्ट निराळी.

आणि आमच्या नालवाडीचें काय? वर्ध्याला लागून असलेलें हें गांव विनोबाजींच्या १९३० नंतरच्या वास्तव्यामुळें बाहेरच्या लोकांस ठाऊक आहे. परंतु येथल्या ग्रामसेवा मंडळाच्या चर्मालयाची आठवण आतां थोड्यांसच असेल. मेलेल्या जनावराचें कातडें सोलणें व कमावणें ही विद्या तेथें शिकविली जाई. शिकाऊ माणसाची सुरी जरा खोल गेली कीं कातड्यास भोंक, आणि कातडें फुकट. पण फुकट जाई तें कातडें. शेजारच्या दत्तपूरची गोष्ट अधिक कठीण. तेथें १९३६ सालीं मनोहरजी दिवाण ह्यांनीं विनोबांच्या प्रेरणेनें महारोग्यांच्या सेवेचें काम आरंभिलें, आणि १९५१ सालीं वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालें. महारोगाच्या तपासणींतहि नमुना घ्यावा लागे. कानाची पाळी दोन बोटांत घट्ट दाबून रक्त मागें सारावयाचें, पात्याच्या टोंकानें लहानशी चीर द्यावयाची, पातें आडवें करून आंतला द्रव खरवडावयाचा आणि कांचेवर पसरावयाचा. चिमटा सैल झाला तर रक्त मिसळून नमुना बिघडे. चीर वरवरची झाली तर जंतु असून दिसत नसत. हें काम करणारे सर्वच कांहीं डॉक्टर नव्हते. शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते, आणि त्यांतल्या प्रत्येकानें पहिली चीर कोणाच्या तरी कानावरच दिली असेल. त्या कानांचे धनी गरीब होते, समाजानें टाकलेले होते. त्यांनीं तक्रार केली नाहीं. शिकाऊ हाताचा भार नेहमीं अशाच माणसांवर पडत आला आहे, हें आमच्या सुशिक्षित घरांस सहसा जाणवत नाहीं, कारण आम्ही 'मोठ्या डॉक्टरांकडेच' जातों. २०२० सालीं रांग सर्वांस एकच होती, म्हणून तो भार प्रथमच आमच्याहि अंगावर आला.

प्रतिकृतीनें सर्व होतें असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. छापील नाक शिंकत नाहीं, ओकारी काढीत नाहीं, हात धरून बाजूस सारीत नाहीं. त्याचें प्लास्टिक कठीण. खऱ्या नाकांतला मऊपणा आणि त्या मऊपणांतून बोटांस मिळणारी सूचना त्यांत नाहीं. कित्येकांच्या नाकाचा मधला पडदा एका बाजूस कललेला असतो, म्हणून एकाच सरळ नाकावर शिकलेला हात खऱ्या रांगेंत पुन्हां गोंधळेल. निदान चार तऱ्हेचीं नाकें छापलीं पाहिजेत. आणि भ्यालेल्या म्हाताऱ्यास "दोन क्षण डोळे मिटा, आजोबा" असें कोणत्या आवाजांत म्हणावें, हें तर कोणत्याहि यंत्रावर छापतां येणार नाहीं. तथापि दिशा आणि अंतर ह्या दोन गोष्टी तरी त्यावर पक्क्या होतात, आणि त्या पक्क्या झाल्यावर हाताचें भय निम्में होतें. भय गेलें म्हणजे समोरच्या माणसाकडे पाहावयास नजर मोकळी राहते.

जातां जातां घरगुती उपयोगाची एक गोष्ट. मे २०२१ मध्यें मायलॅबच्याच घरीं करावयाच्या तपासणीस मान्यता मिळाली, आणि तेव्हांपासून असे संच औषधांच्या दुकानांत आले. त्यांतली काडी आंखूड असते व ती दोन्ही नाकपुड्यांत दोन ते चार सेंटिमीटरच घालून फिरवावयाची असते. वर वर्णिलेला खोल नमुना तो नव्हे, आणि तो घरीं कोणीं कधींहि घेऊं नये. संचासोबतचें पत्रक वाचावें. अहवाल 'नाहीं' असा आला आणि खोकला-ताप तसाच असला तर वडीलधाऱ्यांच्या पंगतीस बसण्याची घाई करूं नये. ताप उतरला असला तरीहि थोडे दिवस थांबावें.

सुटी संपल्यावर पुतण्या पुण्यास गेला, नाक येथेंच राहिलें. आमच्या आळींत परिचारिकांच्या विद्यार्थिनींस शिकविणाऱ्या एक बाई राहतात. त्या एके दिवशीं तें पाहावयास आल्या, काडी दोनदां बरोबर लावून दाखविली, आणि लगेच विचारलें, "लहान मुलाचं नाक आहे का असं? खरी पंचाईत तिथं होते." तें अद्याप झालें नाहीं, लेंकरांचे स्कॅन सहसा काढीत नाहींत, त्यामुळें चित्रें मिळण्यास वेळ लागत आहे असें पुतण्या कळवितो. मोठें नाक नेण्याची मात्र त्यांनीं परवानगी मागितली. तें कोण पोंचविणार, असें अण्णा विचारतात तोंच धाकट्या भावानें तें उचलून जुन्या टॉवेलांत गुंडाळलें. शनिवारीं दुपारीं तो घेऊन गेला आणि दिवेलागणीस परत आला. पहिल्या फेरींत बहुतेक मुलींनीं काडी वर नेली, असें तो जेवतांना सांगत होता. वहिनींच्या करंड्यांतलें कुंकू तिसऱ्या फेरींतच संपलें.